न मागता खांद्यावर ठेवलेला हात

बाई, तुमच्या शोकसभेत टाळ्या वाजल्या.

मी पुढेच बसले होते, सतरंजीवर, तुमच्या फोटोपासून चार हातांवर. मुलींनी तुमच्यावर केलेलं सादरीकरण संपलं, मागून कोणीतरी सुरुवात केली आणि मग सगळी शाळा वाजवायला लागली. पाहुण्यांनीही वाजवल्या. एकाने तर उभं राहून मोबाइलमध्ये काढून घेतलं. मी पदर तोंडाशी धरला तर शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या मदतनीस म्हणाल्या, "अक्का, रडू नका. जाणाऱ्याला त्रास होतो." मी रडत नव्हते. मला किळस आली होती.

हे तुम्हाला सांगायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून मी लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर लाल पेनाने गोल करायला आता तुम्ही नाही, तेव्हा चालवून घ्या.

फाटकावर फ्लेक्स लावला होता. त्यावर तुम्ही पुरीएवढ्या आणि पाहुणे ताटाएवढे. तुमचा फोटो मागच्या वर्षीच्या शाळेच्या फोटोतून कापलेला, त्यात तुमच्या खांद्याशी कोणाचा तरी कान तसाच राहिलेला. आत वर्गात त्या मोठ्या टीव्हीवर परत तोच फोटो, तोच कान, आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत. पडतायत म्हणजे थांबतच नाहीत. खाली दिवा लुकलुकतोय, मागे बासरी चालू. चार मुली ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या हातात एक पुठ्ठा. एकीवर 'प्रेमळ', एकीवर 'शिस्तप्रिय', एकीवर 'कर्तव्यदक्ष', एकीवर 'मनमिळाऊ'. आणि मधोमध माइक धरून माझी नात समृद्धी.

तुम्ही मनमिळाऊ? बाई, तुम्ही मला माझ्याच स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर काढलं होतं. मुख्याध्यापकांच्या तोंडावर तुम्ही म्हणाला होता की सर, तुमचा आवाज मोठा आहे, मुद्दा नाही. चांगल्याच्या वेळी फार चांगल्या होता, पण मनमिळाऊ हा शब्द कोणीतरी मोबाइलमधून उतरवून घेतलेला होता, हे शेंबडं पोरही सांगेल. समृद्धी बोलत होती, छान बोलत होती, कुठे अडखळली नाही. 'मातृतुल्य' म्हणाली, 'अपरिमित हानी' म्हणाली. एका वाक्यानंतर चारही मुलींनी एकाच वेळी रुमाल डोळ्यांना लावले. बसवून घेतलेलं होतं ते. कवायतीत हात वर करतात, तसे रुमाल वर गेले आणि तसेच खाली आले.

ही घाण तुमच्यासमोर, तुमच्या फोटोसमोर, आणि तुम्ही काही बोलू शकत नव्हता.

पण मला किळस नुसती त्यांची आली असती तर मी घरी येऊन गरम पाणी पिऊन झोपले असते. ती मला माझी आली. का, ते तुम्हाला मी जिवंतपणी सांगितलं नाही. आज सांगते, पण मला सरळ सांगता येत नाही. जरा मागून येऊ द्या.

तुम्ही धुळ्याहून आमच्या शाळेत आलात तेव्हा सहावी-सातवी तुमच्याकडे दिली. तुमचा वर्ग आणि माझं खिचडीचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. मी शाळेत कधी बसले नाही, जे काही वाचायला शिकले ते त्या भिंतीपलीकडून कानावर पडलेलं आणि तांदळाच्या पोत्यांवरची अक्षरं यांची जुळवाजुळव करत. तुम्हाला ते कळलं त्या दिवशी तुम्ही कौतुक केलं नाही. माझी वही मागितली आणि लाल गोल केले. मला राग आला आणि बरंही वाटलं. माझ्या चुका कोणी मोजण्यासारख्या समजल्या होत्या.

त्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्या अंगणात बिबड्या बघायला आलात. शहरातली बाई, बिबडी तळून ताटात आलेली तेवढीच माहीत. ज्वारी भिजवायची, भरडायची, आंबवायची, मग मीठ, तीळ, लसूण घालून त्याचा घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर पापडासारखा हाताने थापून उन्हात घालायचा. गार झाला की थापला जात नाही. तेव्हा हात पोळतातच. आम्ही सात-आठ जणी होतो. तुम्ही भिंतीला टेकून वहीत काही लिहीत होता, तेव्हा आमची सखुबाई म्हणाली होती, "काय व बाई, नुसतंच देखी राहिनात का? बठा, हात ओला करा." तुम्ही बसलात. तीन बिबड्या थापल्या, तिन्ही फाटल्या. सखुबाई म्हणाली, "राहू द्या, ह्या गायीले व्हतीन." तुम्ही पोट धरून हसलात.

मग तुम्ही मला विचारलंत, "अक्का, ती थापणारी का उठली?"

"हात पोळला असेल."

"ती काही बोलली नाही."

"बोलायचं काय त्यात. तिने मागे पाहिलं, मागचीने खांद्याला हात लावला, ही उठली, ती बसली."

"आणि तिने मागे पाहिलंच नाही तर?"

"तर थांबायचं."

"हात पोळतोय तरी?"

"तिचा हात आहे, तिला कळतं. आपण न मागता खांद्याला हात लावला तर त्याचा अर्थ काय होतो? ऊठ, तुला जमत नाही. अशी बाई मग पुढच्या वर्षी तुमच्या अंगणात येत नाही."

तुम्ही ते एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतलंत. मला वाटलं, ही बाई वेडी आहे. बिबडीची कृती लिहायची सोडून हे काय लिहिते.

जून उजाडला आणि भिंतीपलीकडून वेगळेच आवाज यायला लागले. तुम्ही मुलांचे पाच-पाचचे गट केले होते आणि प्रत्येक गटाने एकेका गोष्टीवर सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. याआधीही पोरं बोलायची, पण कसं, तर एकाने पहिला परिच्छेद पाठ करायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि आपला झाला की खिडकीबाहेर बघायचं. तुमच्याकडे कोणाचा परिच्छेदच नाही. पाचही जणांना सगळं यायला पाहिजे. कोण काय बोलणार ते ऐन वेळी माझ्या स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकून ठरणार. बोलणारा अडला की त्याने मागे बघायचं, मागच्याने खांद्याला हात लावून पुढे यायचं आणि अडलेल्या शब्दापासूनच उचलायचं. आणि त्याने मागे पाहिलं नाही, तर सगळ्यांनी गप्प थांबायचं. ऐकणाऱ्यांनीसुद्धा. खाकरायचं नाही, शब्द पुरवायचा नाही.

माझंच अंगण होतं ते. तुम्ही भिंतीपलीकडे नेऊन मांडलं होतं.

तक्ता सगळ्यात शेवटी करायचा, हा तुमचा हट्ट. आधी गट माझ्याकडे स्वयंपाकघरात यायचा. मी तांदूळ निवडत असायची आणि पोरांनी मला सांगायचं. तुम्ही दारात उभ्या, माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत. माझा हात निवडतच राहिला तर तुम्ही म्हणायच्या, "परत या." माझा हात थांबला, की म्हणायच्या, "आता तक्ता काढा." केळी गावातून बाहेर कशी जातात यावर एक गट आला होता. मी विचारलं, "आणि ट्रक वाटेत बंद पडला तर केळ्यांचं काय?" एक पोरगा म्हणाला, "अक्का, तो माझा भाग नाही." तुम्ही त्याचा कागद त्याच्या हातात दिलात. "मग तुझा भाग घे आणि घरी जा. आईला सांग, बाकीचं शाळेत राहिलंय." ते पोरगं तीन दिवस ट्रकवाल्यांच्या मागे फिरलं. चौथ्या दिवशी त्याने मला जे सांगितलं, त्यात माझा हात किती वेळ थांबला ते मला आठवत नाही, पण खालून भात लागला होता हे आठवतं.

आणि पूनम. तिला तुम्ही माझ्याही आधी ओळखलंत. तिच्याकडे उत्तर असायचं, पण ते तिला आधी आपल्या अहिराणीत यायचं. मग ती वर आढ्याकडे बघायची आणि मनातल्या मनात पुस्तकी भाषेत करायची. त्याला वेळ लागायचा. बाकीचे मास्तर तेवढ्यात पुढच्याकडे वळायचे. तुम्ही थांबायच्या. भिंतीपलीकडे एकदम शांत झालं की मला कळायचं, पूनम आढ्याकडे बघतेय. मी पण पातेल्यात डाव वाजू द्यायची नाही. आणि मग तिचा आवाज यायचा, हळू, पण पूर्ण.

आता ते सांगते.

तालुक्याला, एरंडोलला, गटसादरीकरणाची स्पर्धा होती. तुमच्या गटात पाच मुली, त्यात पूनम आणि माझी समृद्धी. विषय तुम्ही दिलात, बिबडी. मुलींसोबत कोणी बाईमाणूस हवं म्हणून मी पण येणार होते. त्या सकाळी मी समृद्धीची वेणी घालत होते. वेणी घालता घालता मी तिला म्हणाले, "पूनम अडली ना, की तू घे. तिच्या तोंडाकडे बघत बसू नको."

ती म्हणाली, "पण आजी, तिने मागे पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. बाई म्हणतात."

"बाई धुळ्याच्या. त्यांना काय माहीत. परीक्षक काही थांबत नसतात."

नियम माझा, माझ्या अंगणातला, माझ्या तोंडून तुम्ही लिहून घेतलेला. आणि तो मी माझ्या नातीला तुमच्या नावावर टाकून मोडायला सांगितला.

स्पर्धेत चिठ्ठीत वाळवणाचा भाग पूनमला आला. छान बोलत होती. परीक्षकांनी विचारलं, "वाळवायला ऊनच का? सावलीत पंख्याखाली का नाही?" पूनमला ते येत होतं. तिची आई गावभर बिबड्या करायला जाते, तिला नाही येणार तर कोणाला? तिने वर बघितलं. तुम्ही कडेला उभ्या होता, तुमचा चेहरा शांत होता. मी मागच्या बाकावर होते. समृद्धीने माझ्याकडे पाहिलं. बाई, तिने पाहिलं, आणि मी मान हलवली.

तिने पूनमच्या खांद्यावर हात ठेवला. पूनमने मागे पाहिलं नव्हतं. तो खांदा कसा खाली गेला ते मी पाहिलं. पूनम सरकली, आणि मग समृद्धीने उन्हाचंही सांगितलं, उरलेलंही सांगितलं, बाकीच्या तिघींचंही तीच बोलली. पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, काय हा मुलींचा एकोपा, मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून कसा धीर दिला.

धीर दिला म्हणे.

परत येताना गाडीत तुम्ही ढाल माझ्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "धरा, अक्का." तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का? मी किती वेळा त्या दोन शब्दांचा विचार केलाय.

सोमवारी तुम्ही समृद्धीला वर्गात सांगितलंत, महिनाभर तू गटात फक्त ऐकायचं. पोरगी घरी येऊन रडली. मी तशीच आले, हात पुसत, तुमच्या वर्गात.

"तुम्हाला माझ्या नातीचं चांगलं बघवत नाही."

तुम्ही खडू खाली ठेवलात. "अक्का, तुमची नात जिंकली. गट हरला."

"ढाल आली ना शाळेला?"

"ढाल आली. पूनम नाही आली. ती तिथेच राहिली, त्या स्टेजवर."

"बाई, तुमचं चालतं असं बोलायला. तुमची पोरं शिकून लागली नोकरीला. खिचडी करणारीच्या नातीसाठी कोण थांबतं हो? एसटी थांबत नाही, नोकरी थांबत नाही. आपल्या पोरीने झटकन पुढे नको व्हायला?"

"म्हणूनच शाळेत थांबायचं असतं. बाहेर कोणी थांबत नाही म्हणून." मग तुम्ही आवाज खाली केलात. "तिला हे कोणी शिकवलं, अक्का? हे तिचं नाही."

समृद्धी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कोणी नाही. पोरगी हुशार आहे."

बारा वर्षांची पोर. तिने माझं खोटं ऐकलं आणि गिळलं. महिनाभर मागे बसून शिक्षा भोगली, माझी. आणि मी तुमच्यावर रुसून बसले. तुमचा लोणच्याचा डबा माझ्याकडे होता, तो मी घासून रिकामा पाठवला. आपल्याकडे रिकामा डबा पाठवणं म्हणजे काय, ते धुळ्याच्या बाईलाही कळतं. तुम्ही तो घेतलात. त्यानंतर आपण रोज भेटायचो, खिचडीच्या नोंदवहीवर सही करायचो, आणि 'पाणी आलं का' यापलीकडे बोलायचो नाही.

पूनम पूर्वी ताट पुढे करून म्हणायची, "अक्का, आखो दे थोडं." तेव्हापासून नुसतं ताट पुढे करायची. मी वाढायची. किती पुरे तेसुद्धा ती सांगायची नाही. मीच थांबायची.

बाकीचं तुम्ही बघितलंत. मुख्याध्यापकांना ढालीची चव लागली. समृद्धी बोलेल, बाकीचे उभे राहतील, अशी नवी पद्धत आली. विज्ञान दिनाला तेच, पाणी वाचवायला तेच, बालिका दिनाला तेच. एक बोलतो, चार जण पुठ्ठे धरतात. तुम्ही सभेत भांडलात, मी भिंतीअलीकडून ऐकलं. "ही माणसं आहेत, खुंट्या नाहीत," म्हणालात. कोणी ऐकलं नाही. मला तेव्हाही आत यावंसं वाटलं होतं. मी डाळ धुत राहिले.

मग तुम्ही रजेवर गेलात, धुळ्याला. मग फोन आला.

म्हणजे बाई, तुमच्या शोकसभेत जे झालं ते काही मुख्याध्यापकांनी आभाळातून आणलेलं नव्हतं. ते माझ्या हाताने घातलेल्या वेणीतून निघालं होतं. 'मनमिळाऊ'चा पुठ्ठा कोणाच्या हातात होता माहीत आहे? पूनमच्या. तिला तो तोंडापर्यंत धरायला सांगितला होता. नुसते डोळे दिसत होते.

टाळ्या संपल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "आता आपल्या जुन्या सहकारी अक्का चार शब्द बोलतील. अक्का, थोडक्यात. पाहुण्यांना पुढे दोंडाईचाला जायचंय."

मी उठले. गुडघ्याला हात लावून उठले, तेवढा वेळ गेला. समृद्धीने माइक पुढे केला, तो मी घेतला नाही. माझा आवाज खिचडीच्या रांगेत शेवटच्या पोरापर्यंत जातो. मी म्हणाले, "एरंडोलला पूनमच्या खांद्यावर समृद्धीने हात ठेवला, तो मी ठेवायला सांगितला होता. पूनम अडली नव्हती. बाईंनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि शिक्षा पोरीने भोगली. एवढंच. बाकी बाईंबद्दल मला काही बोलायचा अधिकार नाही."

कोणाला काही कळलं नाही, बाई. पाहुणे एकमेकांकडे बघत होते, टीव्हीवर पाकळ्या पडतच होत्या. कळायला पाहिजे त्या दोघींना कळलं. समृद्धीचा चेहरा लाल झाला, आणि मग एकदम लहान दिसायला लागली, माझ्या घरातल्यासारखी.

मी पूनमच्या मागे जाऊन उभी राहिले आणि थांबले. खांद्याला हात लावला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "अक्का, झालं ना?" मी थांबले. बासरी वाजून वाजून संपली. पूनमने पुठ्ठा धरला होता, तिचे हात भरून आले असतील. मी गुडघ्याचा विचार करत होते, दुसरा कसला नाही.

तिने मागे पाहिलं.

तेव्हा मी तिच्या खांद्याला हात लावला, तिच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि तिच्या जागी ओळीत उभी राहिले. 'मनमिळाऊ' घेऊन. तुम्ही हसला असता. पूनम मोकळ्या हातांनी एक पाऊल पुढे गेली आणि वर आढ्याकडे बघायला लागली.

मुख्याध्यापक पुढे झाले. "बोल पूनम, बोल. बाई प्रेमळ होत्या. बोल ना."

मी म्हणाले, "सर, थांबा."

"अक्का, वेळ..."

"सर, तिला येतं. थांबा."

समृद्धीच्या हातात माइक होता. तिला सगळं पाठ होतं, तिने दोन मिनिटांत वेळ भरून काढली असती. तिने माझ्याकडे पाहिलं, एरंडोलला पाहिलं होतं तसंच. मी मान हलवली नाही. ती खाली सतरंजीवर जाऊन बसली, पूनमकडे तोंड करून, मांडी घालून. तुम्ही ऐकणाऱ्याला जसं बसायला शिकवलं होतं तसं. तिचं बघून सातवीची पोरं गप्प झाली. मग सगळेच गप्प झाले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पाहुण्यांपैकी एक जण खाकरला आणि सातवीच्या अख्ख्या रांगेने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते परत खाकरले नाहीत.

मग पूनम म्हणाली, "बाई मनी वाट देखेत."

माझी वाट बघायच्या. एवढंच बोलली. पुस्तकी भाषेत करायला तिला वेळ लागला नाही, कारण तिने केलंच नाही. आणि जागेवर येऊन माझ्या हातातला पुठ्ठा परत मागायला लागली. मी दिला नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बाई. मी मुद्दाम ऐकत होते.

नंतर मुख्याध्यापक माझ्यावर चिडले. शोभा झाली, म्हणाले. मी म्हटलं, शोभा आधीच झाली होती. दोन दिवस झाले, समृद्धी माझ्याशी बोललेली नाही. तिचा हक्क आहे, मी वाट बघणार आहे. तुमच्याशी मात्र मला अजून भांडायचंय. तुम्ही एकदाच का विचारलंत? 'तिला हे कोणी शिकवलं' असं तुम्ही परत एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगते. पण मला माहीत आहे तुम्ही काय केलंत. तुम्ही माझ्याही मागे उभ्या राहून थांबला होता, मी वळून बघेन म्हणून. मी वळलेच नाही, आणि हात लावायचा नाही हे तुम्ही माझ्याकडूनच शिकला होता.

शाळेचं स्वयंपाकघर तसंच आहे. तुमच्या वर्गात अजून कोणी आलेलं नाही, भिंतीपलीकडे गोंगाट असतो. काल मी तांदूळ निवडत बसले होते, तर मधल्या सुट्टीच्या आधीच पूनम दारात आली. मी मान वर केली नाही. निवडत राहिले. ती चौकटीला टेकली आणि बराच वेळ वर पत्र्याकडे बघत उभी राहिली. मग सांगायला लागली, ऊनच का लागतं ते. पंख्याने बिबडी वरून वाळते पण आतून ओली राहते, मग डब्यात बुरशी धरते. आईने एकदा घाई केली होती तेव्हा किती टाकाव्या लागल्या. आणि उन्हात वाळलेली कशी वाजते, नखाने. तिने नख वाजवून दाखवलं, ताटावर.

माझा हात कधी थांबला मला कळलं नाही. काल खिचडी उशिरा झाली, बाई.